नवी फाइल सिस्टिम बनवायची झाली, तर तिच्याकडे काय मागायचं?

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचा वाटतो, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलतानाचे "अं", "हं" काढून टाकलेत, आकडे नीट लिहिलेत, बाकी गप्पा त्याच आहेत.

नवा फोन घेताना आपण काय काय विचारतो? कॅमेरा किती मेगापिक्सेल, रॅम किती, बॅटरी दिवसभर टिकते का, स्टोरेज १२८ की २५६. दुकानात उभं राहून "दादा, यात फाइल सिस्टिम कुठली आहे हो?" असं विचारणारा माणूस मी तरी अजून पाहिला नाही. पण तुमचे फोटो, कॉलेजचा प्रोजेक्ट, आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग हे सगळं पाच वर्षांनी जसंच्या तसं उघडणार की नाही, यात या न विचारलेल्या गोष्टीचा वाटा फार मोठा असतो.

म्हणून आजचा विषय असा: समजा, उद्या कुणी कोऱ्या कागदावर नवी फाइल सिस्टिम बनवायला बसलं आणि आपल्याला विचारलं, "बोला, काय काय पाहिजे?" तर आपण काय मागायचं? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बीटेकला हा विषय परीक्षेपुरता केला होता, नोकरीत मात्र त्याच्याशी रोजचा संबंध आला. त्यातून जी यादी तयार झाली, ती आज तुमच्यासमोर मांडतो.

आधी, फाइल सिस्टिम म्हणजे काय?

तुमच्या फोनमधल्या स्टोरेज चिपला "फोटो" कळत नाही, "फोल्डर" कळत नाही, नावं तर अजिबात कळत नाहीत. तिच्यासाठी सगळं म्हणजे नंबर दिलेले छोटे छोटे तुकडे. त्यांना ब्लॉक म्हणतात. एक ब्लॉक साधारण ४ केबीचा. १२८ जीबीच्या फोनमध्ये असे तीन कोटींहून जास्त ब्लॉक असतात. यातले कुठले ब्लॉक कुठल्या क्रमाने जोडले की तुमचा गोव्याच्या ट्रिपचा व्हिडिओ होतो, हे कुणीतरी लिहून ठेवायला लागतं. ते काम फाइल सिस्टिमचं.

गावाकडचं उदाहरण घ्या. जमीन म्हणजे डिस्क. गट नंबर म्हणजे ब्लॉक. आणि तलाठ्याचं दप्तर म्हणजे फाइल सिस्टिम. कुठला गट कुणाच्या नावावर, हे जमिनीवर लिहिलेलं नसतं, ते दप्तरात असतं. दप्तर गहाळ झालं, तर जमीन जागेवरच राहते, पण कुणाची काय ते सांगता येत नाही. फाइल सिस्टिम बिघडते तेव्हा अगदी हेच होतं. फोटोचे तुकडे डिस्कवर पडलेले असतात, पण कुठला कुणाचा याचा पत्ता नसतो.

फाइल डिलीट केल्यावरही बहुतेक वेळा फक्त दप्तरातली नोंद खोडली जाते. शेतातलं पीक तसंच उभं असतं, दुसरा कुणी येऊन नांगरेपर्यंत. पेनड्राइव्हमधून डिलीट झालेले फोटो रिकव्हरी सॉफ्टवेअर परत आणतं, ते याच जोरावर.

हे दप्तर डोळ्यासमोर ठेवा, पुढे लागणार आहे.

मागणी पहिली: काम अर्धवट सोडू नकोस

एक फाइल सेव्ह करणं म्हणजे आतमध्ये तीन-चार वेगवेगळ्या नोंदी असतात. मोकळे ब्लॉक शोधायचे, त्यात मजकूर लिहायचा, ते ब्लॉक "आता वापरात" म्हणून नोंदवायचे, फाइलच्या नावासमोर त्यांचे नंबर टाकायचे. आता यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्येच लाइट गेली तर? किंवा फोनची बॅटरी संपली तर? दप्तरात एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर भलतंच.

जुन्या फाइल सिस्टिममध्ये यावर उपाय एकच होता: मशीन परत सुरू झालं की सगळी डिस्क पहिल्यापासून तपासायची. विंडोजवर निळ्या स्क्रीनवरची ती डिस्क तपासणी ज्यांनी लहानपणी पाहिली असेल, त्यांना आठवेल. चहा करून, पिऊन यावं तरी चालूच.

मग आलं जर्नल. इथे आपलं तलाठ्याचं उदाहरण चपखल बसतं. जमिनीचा व्यवहार झाला की लगेच सातबारा बदलत नाहीत. आधी फेरफार नोंदवहीत नोंद होते, ती मंजूर झाली की मग सातबाऱ्यावर बदल. जर्नल तेच करतं. "मी आता अमुक अमुक बदल करणार आहे" हे आधी एका वेगळ्या वहीत लिहायचं, मग खऱ्या जागी करायचं. मध्ये लाइट गेली तर वही उघडून बघायचं, की नोंद पूर्ण असेल तर काम पुरं करायचं, अर्धवट असेल तर सोडून द्यायचं. मायक्रोसॉफ्टच्या एनटीएफएसमध्ये हे १९९३ पासून आहे. लिनक्सच्या एक्स्ट३ मध्ये २००१ साली आलं.

यापेक्षा पुढची पद्धत म्हणजे कॉपी-ऑन-राइट. यात जुन्या पानावर कधीच खाडाखोड करायची नाही. बदललेलं पान नव्या कागदावर लिहायचं, आणि सगळं नीट लिहून झालं की शेवटी अनुक्रमणिकेत फक्त पानाचा नंबर बदलायचा. मध्ये काहीही झालं तरी जुनं पान शाबूत. झेडएफएस, बीटीआरएफएस आणि ॲपलची एपीएफएस या घराण्यातल्या आहेत.

पण इथे एक मेख आहे. २००९ साली एक्स्ट४ नवी नवी होती. ती वेग वाढवण्यासाठी डेटा लगेच डिस्कवर न लिहिता थोडा वेळ मेमरीत धरून ठेवायची. झालं काय, की मशीन मध्येच बंद पडल्यावर लोकांच्या सेटिंगच्या फाइल्स शून्य बाइटच्या मिळायला लागल्या. नाव आहे, आत काही नाही. एक्स्ट४ चे प्रमुख थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं की नियमाप्रमाणे फाइल सिस्टिमचं काहीच चुकलेलं नाही. ज्या ॲपला डेटा नक्की डिस्कवर हवाय, त्याने तसं स्पष्ट सांगायला पाहिजे. ॲप लिहिणारे म्हणाले, एक्स्ट३ वर इतकी वर्षं हे न सांगताच चालत होतं की! शेवटी एक्स्ट४ मध्येच सुधारणा घातली गेली, की जुन्या फाइलच्या जागी नवी आणून बसवली जात असेल, तर नवीचा मजकूर आधी डिस्कवर उतरवायचा.

मी रोज ॲप लिहिणाऱ्यांच्या बाजूला बसतो, म्हणून माझी मागणी सरळ आहे. नव्या फाइल सिस्टिममध्ये प्रोग्रामरला एवढंच म्हणता आलं पाहिजे: "हे पाच बदल एकत्र कर. झाले तर पाचही, नाहीतर एकही नको." यूपीआयसारखं. माझ्या खात्यातून पैसे गेले आणि तुझ्या खात्यात आलेच नाहीत, असं मधल्यामध्ये लटकायला नको. डेटाबेसमध्ये ही सोय कित्येक दशकं आहे. साध्या फाइल्ससाठी ती आजही सहजपणे मिळत नाही.

मागणी दुसरी: माझ्याशी खोटं बोलू नकोस

मला विचाराल तर यादीतली सगळ्यात मोठी मागणी हीच.

आपण धरून चालतो की डिस्क एकतर चालते, नाहीतर बंद पडते. पण तिसरा प्रकारही असतो. डिस्क चालू असते, फाइल उघडते, एररही येत नाही, आणि आतला डेटा बदललेला असतो. एखादा बिट उलटा झाला, डिस्कने भलत्याच जागी लिहिलं, किंवा "लिहिलं" म्हणाली आणि लिहिलंच नाही. याला सायलेंट करप्शन म्हणतात. मराठीत, मुकाट बिघाड म्हणू.

ही भीती कल्पनेतली नाही. २००८ मध्ये 'फास्ट' या स्टोरेजवरच्या परिषदेत एक अभ्यास मांडला गेला. त्यात सुमारे १५ लाख ३० हजार डिस्क ४१ महिने पाहिल्या होत्या. जुळणी न होणाऱ्या ब्लॉकच्या घटना किती निघाल्या? ४ लाखांहून जास्त. टक्केवारीत बघितलं तर फार थोड्याच डिस्कमध्ये हे घडलं, पण ज्याच्या डिस्कवर घडलं त्याला टक्केवारीचा काय उपयोग?

माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ आहे. जुन्या लग्नांचे फोटो त्याने हार्ड डिस्कवर जपून ठेवलेत, एकाच्या दोन कॉपी. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली. तिच्या ताईच्या लग्नात आजोबांचा एक छान फोटो निघाला होता, आजोबा आता नाहीत, तिला तो मोठा करून हवा होता. मामाने फाइल उघडली. वरचा फेटा दिसला, कपाळ दिसलं, आणि खाली सगळा राखाडी पट्टा. दुसरी डिस्क काढली. तिथेही तसाच. कारण दुसरी कॉपी पहिलीवरूनच केलेली, बिघाड झाल्यानंतर. कॉपी करताना कॉम्प्युटरने काय सांगितलं असेल? "कॉपी पूर्ण झाली." एक अक्षर जास्त नाही. मामाने काळजी घेण्यात काही कसूर ठेवली नव्हती. त्याला कुणी सांगितलंच नाही की तो बिघडलेल्या फोटोचा बॅकअप घेतोय.

यावरचा उपाय तुमच्या पाकिटात आहे. आधार क्रमांकाचे १२ आकडे असतात ना, त्यातला शेवटचा आधीच्या ११ वरून गणिताने काढलेला असतो. कुठे एक आकडा चुकीचा टाइप केला, की गणित जुळत नाही आणि चूक लगेच पकडली जाते. याला चेकसम म्हणतात. फाइल सिस्टिमने प्रत्येक ब्लॉक लिहिताना त्याचा चेकसम काढून वेगळ्या जागी ठेवायचा, आणि वाचताना दरवेळी पडताळायचा. बस.

हे काम मनापासून केलं ते झेडएफएसने. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी २००१ मध्ये ती बनवायला घेतली, २००५ मध्ये तिचा कोड खुला झाला. त्यांची खुबी अशी, की ब्लॉकचा चेकसम त्या ब्लॉकशेजारी न ठेवता, त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवायचा. म्हणजे डिस्कने पूर्ण भलताच ब्लॉक आणून दिला, तरी पकडला जातो. दुसरी चांगली कॉपी असेल तर झेडएफएस तिच्यावरून बिघडलेली दुरुस्तही करते.

फोनमध्ये दुसरी कॉपी नसते, मग चेकसमचा फायदा काय? फायदा हा, की बिघाड त्याच दिवशी कळतो. क्लाउडवर किंवा लॅपटॉपवर चांगली कॉपी असतानाच कळतो. आणि बिघडलेली फाइल चांगल्या बॅकअपवर जाऊन बसत नाही.

आता गंमत बघा. ॲपलने २०१६ मध्ये एपीएफएस जाहीर केली, अगदी नवी कोरी. तीसुद्धा चेकसम ठेवते ते स्वतःच्या दप्तराचे. तुमच्या फोटोच्या आतल्या मजकुराचे नाही. लिनक्सच्या एक्स्ट४ चंही तेच, दप्तरापुरते चेकसम. भिस्त अशी, की चिप स्वतःच्या चुका स्वतः सुधारेल. चिप बऱ्याच सुधारतेही. पण ज्याने चूक करायची त्यानेच ती तपासायची, हे मला पटत नाही.

मागणी तिसरी: कालचा दिवस परत दाखव

प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिताना सगळं सिलेक्ट झालं, काहीतरी दाबलं गेलं, वर सेव्हही झालं. डिस्क ठणठणीत आहे, चेकसम जुळतोय, कारण फाइल सिस्टिमच्या मते तुम्हीच कोरं पान लिहिलंय. अशा वेळी जुनी आवृत्ती हवी.

ही कल्पना जुनीच आहे. १९७० च्या दशकात डीईसी कंपनीच्या व्हीएमएसमध्ये प्रत्येक सेव्हला नवा आवृत्ती क्रमांक पडायचा, आणि जुन्या आवृत्त्या आपण हटवेपर्यंत शिल्लक राहायच्या. तेव्हा डिस्क महाग होती, म्हणून हे परवडणं कठीण.

कॉपी-ऑन-राइटमुळे हेच आता स्वस्तात मिळतं. जुनं पान खोडायचंच नाही, असं आधीच ठरलंय ना? मग ते फेकून न देता ठेवून द्यायचं, इतकंच. याला स्नॅपशॉट म्हणतात. ५० जीबीच्या डेटाचा स्नॅपशॉट काढायला क्षण पुरतो आणि त्या वेळी जागा जवळपास लागतच नाही. पुढे जेवढं बदलेल, तेवढीच जागा खर्च होते.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही. तो त्याच डिस्कवर असतो. फोन लोकलच्या दारातून पडला तर स्नॅपशॉटही गेला. दोन, स्नॅपशॉट असताना डिलीट केलेल्या फाइलची जागा मोकळी होत नाही. मग "एवढं डिलीट केलं तरी स्टोरेज फुल कसं?" असं होतं. म्हणून माझी पोटमागणी: जागा कशाने अडवलीय, हे साध्या शब्दांत सांगता आलं पाहिजे.

मागणी चौथी: जागा जपून वापर, चिप जपून वापर

एकच व्हिडिओ तुम्ही तीन फोल्डरमध्ये कॉपी केला, तर तो तीनदा लिहायची गरज काय? दप्तरात तीन नावं आणि खाली तेच ब्लॉक, एवढं पुरे. एखाद्या कॉपीत बदल केला की तेवढाच तुकडा वेगळा करायचा. याला क्लोन म्हणतात. मॅकवर एकाच ड्राइव्हमध्ये १० जीबीची फाइल कॉपी केली की डोळ्याची पापणी लवायच्या आत होते, ते यामुळे.

कॉम्प्रेशनचंही असंच. मजकूर, कोड, ॲपच्या फाइल्स दाबून ठेवल्या तर चांगली जागा वाचते. फोटो आणि व्हिडिओ मात्र आधीच दाबलेले असतात. उसाच्या चिपाडातून परत रस काढण्यासारखं ते, काही निघत नाही. चांगल्या फाइल सिस्टिमला हे स्वतःहून कळावं आणि तिने उगाच बॅटरी जाळू नये.

आणि चिपचं काय? आपल्या फोनमध्ये फिरणारी डिस्क नसते, फ्लॅश असते. तिचा स्वभाव वेगळा. लिहिताना छोटं पान लिहिता येतं, पण पुसताना अनेक पानांचा अख्खा गठ्ठा एकदम पुसायला लागतो. आणि प्रत्येक गठ्ठा ठरावीक वेळाच पुसता येतो, मग तो थकतो. त्यामुळे एकाच जागी वारंवार लिहिणारी फाइल सिस्टिम फ्लॅशला सोसत नाही. १९९१ मध्ये मेंडेल रोझेनब्लम आणि जॉन ओस्टरहाउट यांनी एक कल्पना मांडली होती: वहीत लिहितो तसं कायम पुढेपुढेच लिहीत जायचं. तेव्हा विचार फिरणाऱ्या डिस्कचा होता. पण तीच कल्पना घेऊन सॅमसंगने फ्लॅशसाठी एफटूएफएस बनवली, २०१३ मध्ये ती लिनक्समध्ये आली, आणि आज कितीतरी अँड्रॉइड फोनमध्ये तीच आहे. कदाचित हे वाचताना तुमच्या हातातही.

मागणी पाचवी: कुलूप प्रत्येक खोलीला वेगळं

फोन चोरीला गेला तर आतलं कुणाला वाचता येऊ नये, हे तर झालंच. पण अख्ख्या फोनला एकच कुलूप घातलं तर वेगळी पंचाईत होते. रात्री अपडेट होऊन फोन रीस्टार्ट झाला, तुम्ही झोपेत, पिन टाकलेला नाही. सगळंच कुलपात असेल तर सकाळचा अलार्म वाजणार कसा?

म्हणून अँड्रॉइड ७ पासून प्रत्येक फाइलला वेगळी किल्ली ठेवायची सोय आली. अलार्मसारख्या थोड्या गोष्टी पिनशिवाय चालतात, बाकी सगळं बंद. रीस्टार्टनंतर पिन टाकण्याआधी आईचा फोन आला, तर बऱ्याच फोनवर "आई" न दिसता नुसता नंबर दिसतो. कारण कॉन्टॅक्टची यादी अजून कुलपात आहे! पुढे अँड्रॉइड १० सह बाजारात येणाऱ्या नव्या फोनना ही पद्धत सक्तीची झाली.

याचा आणखी एक फायदा. फ्लॅशवरून एखादी गोष्ट खात्रीने पुसणं अवघड असतं, जुने तुकडे कुठे कुठे राहतात. पण किल्लीच नष्ट केली, तर ते तुकडे असून नसल्यासारखे. जुना फोन विकणाऱ्या प्रत्येकासाठी हे महत्त्वाचं आहे.

मागणी सहावी: माझी भाषा नीट वाच

हा मुद्दा इंग्रजी लेखांमध्ये क्वचितच येतो, म्हणून मुद्दाम घेतोय.

लिनक्सच्या एक्स्ट४ मध्ये किंवा एफटूएफएसमध्ये फाइलचं नाव जास्तीत जास्त २५५ बाइटचं असू शकतं. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, म्हणून तिथे २५५ अक्षरं बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ लागतात. आणि चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नाही, काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षरातला हलन्तही वेगळा. म्हणजे आपल्याला मिळतात फक्त ८५ चिन्हं. "शेतकऱ्यांच्या" या एका शब्दातच १३ चिन्हं, म्हणजे ३९ बाइट गेले. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मोजणी वेगळी असल्याने तिथे लांब मराठी नाव चालतं, आणि तीच फाइल लिनक्सवर कॉपी करताना "नाव फार लांब आहे" म्हणून अडते.

दुसरी गोष्ट याहून जास्त छळणारी. याच शब्दातला "ऱ" दोन प्रकारे साठवता येतो. युनिकोडमध्ये "ऱ" चा स्वतःचा एक क्रमांक आहे, आणि "र" अधिक खालचा नुक्ता असा जोडूनही तोच बनतो. डोळ्याला काहीही फरक दिसत नाही. पण बाइट वेगळे, एकात ३९ तर दुसऱ्यात ४२. फाइल सिस्टिम नुसते बाइट बघत असेल, तर एकाच फोल्डरमध्ये "शेतकऱ्यांच्या नोंदी" नावाच्या दोन फाइल्स गुण्यागोविंदाने राहतील आणि तुम्ही शोधाल ती नेमकी सापडणार नाही. ॲपलची जुनी एचएफएस प्लस नावं सुटी करून साठवायची, विंडोज जशीच्या तशी ठेवतं. मग मॅकवरून आलेल्या फाइल्स इकडे घोळ घालतात. लिनक्सच्या एक्स्ट४ मध्ये २०१९ पासून अशी नावं एक मानायची सोय आहे, पण ती मुद्दाम चालू करायला लागते.

मागणी अशी: नाव मी लिहिलं तसंच ठेव, पण दिसायला एकच असलेली दोन नावं एकच समज. आणि मर्यादा बाइटमध्ये न मोजता माणसाला कळेल अशी मोज.

मग हे सगळं एकत्र का मिळत नाही?

कारण प्रत्येक मागणीची किंमत आहे. चेकसम काढायला प्रोसेसर आणि बॅटरी लागते. कॉपी-ऑन-राइटमध्ये सतत बदलणारी मोठी फाइल, उदाहरणार्थ डेटाबेसची, डिस्कभर विखुरते आणि हळू होते. बीटीआरएफएसमध्ये म्हणून एखाद्या फाइलपुरतं ते बंद करता येतं, पण ते बंद केलं की त्या फाइलचे चेकसमही जातात. घ्या!

शिवाय सगळ्यांशी जुळवून घेणंही आलं. जुनाट फॅट३२ अजून का जिवंत आहे? टीव्ही, कारचा म्युझिक सिस्टिम, झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर, सगळीकडे चालते म्हणून. तिच्यात ४ जीबीची फाइल बसत नाही, जर्नल नाही, चेकसम नाही, तरी पेनड्राइव्हवर तीच.

आणि सगळ्यात मोठी किंमत म्हणजे काळ. नवं ॲप बिघडलं तर काढून परत टाकता येतं, फाइल सिस्टिम बिघडली तर परत टाकायला काही उरत नाही. म्हणून तिच्यावर विश्वास बसायला वर्षं जातात. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, इतक्या मुरलेल्या झेडएफएसमध्येही असा दोष सापडला, की क्वचित प्रसंगी कॉपी केलेल्या फाइलच्या काही भागात नुसती शून्यं यायची. संशय आधी नव्या फीचरवर गेला, मुळाशी निघाला जुनाच दोष. काही दिवसांत तो दुरुस्तही झाला. याउलट, २०१७ च्या मार्चमध्ये ॲपलने आयओएस १०.३ मधून असंख्य आयफोन एका अपडेटमध्ये एपीएफएसवर नेले आणि बहुतेकांना कळलंही नाही. कारण आधीच्या अपडेट्समध्ये त्यांनी लोकांच्या फोनवर गुपचूप रंगीत तालीम करून घेतली होती, फक्त शेवटचा बदल पक्का केला नव्हता.

त्यामुळे सहाही मागण्या एकदम मिळणार नसतील, तर मी क्रम असा लावेन. अर्धवट काम नको आणि खोटं नको, या दोन पहिल्या. वेग, जागा, सोय हे सगळं नंतर. संथ फाइल सिस्टिम मी सहन करेन. "मला हा फोटो नीट वाचता येत नाहीये" असं तोंडावर सांगणारीही चालेल, कारण मग मला धावपळ करता येते. पण राखाडी पट्टा हातात देऊन "कॉपी पूर्ण झाली" म्हणणारी नको.

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे? महत्त्वाच्या फोटोंच्या दोन कॉपी दोन वेगळ्या जागी ठेवा, एक फोनबाहेर. वर्षातून एकदा त्यातल्या काही फाइल्स खरोखर उघडून बघा, नुसती नावं नका बघू. नवी कॉपी केली म्हणून जुनी लगेच पुसू नका. आणि पेनड्राइव्ह काढताना "इजेक्ट" करा, कारण शेवटच्या नोंदी तेव्हा दप्तरात उतरत असतात.

तर मंडळी, या यादीत तुम्ही कुठली सातवी मागणी घालाल? मला आवर्जून कळवा, चांगल्या मागण्या पुढच्या भागात वाचून दाखवतो. आणि हो, त्या भागात याच धाग्यावरून बोलू: क्लाउडवर टाकलेला फोटो नेमका कुठे जातो? भेटू मग. तोवर काळजी घ्या, आणि आज घरी गेल्यावर एक जुनं फोल्डर उघडून बघाच.